टाळ्या वाजवून विश्वस्त जात नाही

विहाराच्या अंगणात सभा भरते, हिशेबावरून आरडाओरड होते आणि कोणीतरी उठून जाहीर करतो, "आजपासून हे विश्वस्त नाहीत!" टाळ्या पडतात. आमच्या वस्तीत असेच झाले होते. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ बँकेत गेले, चेकवर सही केली आणि पैसे काढून आले. बँकेने त्यांना का अडवावे? धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत नाव त्यांचेच होते.

मी पेशाने कारकून, त्यामुळे रागापेक्षा कागदावर माझा विश्वास जास्त. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा आपल्या राज्याचा कायदा १९५० सालचा आहे. त्यातले कलम ४१-ड आपल्या कामाचे. विश्वस्त हिशेब सादर करण्यात वारंवार कसूर करीत असेल, आयुक्तांचे आदेश मुद्दाम मोडत असेल, कर्तव्यात सतत हयगय किंवा मालमत्तेचा अपहार करीत असेल, तर आयुक्त त्याला काढू शकतात. मात्र आरोप लेखी ठेवावे लागतात आणि उत्तर देण्याची संधी द्यावी लागते. ती दिलीच पाहिजे, माणूस आपल्याला कितीही नकोसा असो. "आमचे पटत नाही" हे कारण चालत नाही.

दुसरा मार्ग कलम ५० चा. ट्रस्टशी हितसंबंध असलेल्या किमान दोघांनी आयुक्तांची लेखी संमती घेऊन जिल्हा न्यायालयात, मुंबईत नगर दिवाणी न्यायालयात, दावा लावायचा. न्यायालय विश्वस्ताला काढू शकते, नवा नेमू शकते, हिशेबही मागू शकते.

"आम्हाला कोण विचारतो?" असे आपल्या भगिनी म्हणतात. पण हितसंबंध फक्त पुढाऱ्यांचा नसतो. संस्था सोसायटी म्हणून नोंदलेली असेल तर प्रत्येक सभासद, निव्वळ ट्रस्ट असेल तर लाभधारकही त्यात येतो.

आमचे प्रकरण उभे राहिले ते महिला मंडळातल्या एका मावशींमुळे. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. पण वस्तीतल्या लग्नांसाठी विहाराचा हॉल घेतला की भाड्याची पावती मागून घ्यायची आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. मंडळाच्या बायकांनी इतर घरांतूनही पावत्या जमवल्या. आम्ही ऑफिसातून नक्कल काढलेल्या ऑडिट रिपोर्टशी त्या ताडून पाहिल्या. निम्म्या पावत्यांची रक्कम जमेत नव्हतीच! भाषणांनी जे झाले नाही ते त्या डब्याने केले.

तारखा मात्र पडत राहिल्या. दोन साक्षीदार मधेच गळाले, एकाला भाचीच्या लग्नासाठी हॉल हवा होता. शेवटी गृहस्थ पदावरून गेले. त्यानंतर नव्या नावांचा बदल अर्ज कलम २२ खाली नव्वद दिवसांत द्यायचा, ही धावपळ पुन्हा माझ्याच गळ्यात. बुडालेल्या पैशाच्या वसुलीची फाइल वेगळी करावी लागली. मावशींचा डबा रिकामाच परत दिला. पावत्या अस्सल असल्याने प्रकरणाला लावल्या आहेत. त्यांनी आधी झेरॉक्स मागून घेतली.