मत्स्यकुंडांतील दगड कशानें चिकटवावे?

ताडकळसच्या शिवारांतील काळा दगड किंवा एखादें वाळलेलें मूळ काचेच्या मत्स्यकुंडांत शोभतें खरें. पण तें चिकटवावें कशानें? घरचा डिंक व सरस पाण्यांत विरघळतात. ताज्या सिमेंटांतील चुन्यानें पाणी क्षारधर्मी होऊन मासे दगावतात. आमच्या मतें बुरशीनाशक न घातलेलें शुद्ध सिलिकोनच घ्यावें. न्हाणीघराच्या फटी बुजविण्याकरितां मिळणाऱ्या सिलिकोनांत बहुधा तें औषध असतें. तेव्हां स्वस्ताईस न भुलतां वेष्टन वाचावें. दगड धुऊन, पुरता सुकवून मगच लावावें. वाळतांना बहुधा शिरक्यासारखा आंबूस वास सुटतो. तो अजिबात जाईपर्यंत, निदान ४८ तास, पाणी भरूं नये. थर जाड असल्यास अधिक थांबावें. सुकें मूळ तरंगतें आणि सांधा उपटतें. तें सपाट दगडास नायलॉनच्या दोऱ्यानें बांधलेलें बरें.