राजकन्येची शंका, देकार्तची शिकवणी

शिकवणी म्हटली की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतात त्या अपेक्षित प्रश्नांच्या नोट्स. तत्त्वज्ञानाची खासगी शिकवणी घेऊ पाहणाऱ्याने मात्र आधी एक जुना पत्रव्यवहार पाहावा. फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त आणि बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ यांचा हा पत्रव्यवहार १६४३ ते १६४९ या काळातला. देकार्त तिचा पगारी शिक्षक नव्हता. तरीही गुरू एक आणि शिष्या एक, असेच त्याचे स्वरूप होते.

मन आणि शरीर ही दोन सर्वस्वी भिन्न द्रव्ये आहेत, असा देकार्तचा सिद्धान्त होता. शरीर जागा व्यापते, मन केवळ विचार करते. हेग येथे कुटुंबासह निर्वासित असलेल्या चोवीस वर्षांच्या एलिझाबेथने मे १६४३ मध्ये त्याला विचारले, की वस्तू हलवायची तर धक्का हवा आणि धक्क्यासाठी स्पर्श हवा. मग ज्याला आकारच नाही ते मन शरीराला कसे हलवते?

प्रश्न अगदी योग्य आहे, हे देकार्तने मान्य केले आणि वजनाचा दाखला दिला. वजन दगडाला खाली नेते, पण तेथे एक पृष्ठभाग दुसऱ्याला ढकलतो असे आपण समजत नाही. एलिझाबेथला हे पटले नाही. वजनाविषयीची ही समजूत चुकीची असल्याचे देकार्तचेच मत होते. तिच्या आधारे दुसरी गोष्ट कशी मानावी? त्यापेक्षा मनालाच जडत्व बहाल करणे आपल्याला सोपे वाटते, असेही तिने कळवले. मन आणि शरीराचे ऐक्य चिंतनापेक्षा नित्याच्या व्यवहारातच उमगते, असे देकार्तने सुचवले. तिचे उत्तर नेमके होते: मन शरीराला हलवते हे इंद्रिये दाखवतात, कसे हलवते ते दाखवत नाहीत.

या प्रश्नाचा निकाल लागला नाही. तरीही देकार्तने १६४४ चा आपला ‘तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे’ हा ग्रंथ तिलाच अर्पण केला. पुढे तिने भावनांची व्याख्या मागितली. त्या चर्चेतून भावनांवरील त्याचा १६४९ चा ग्रंथ आकाराला आला.

चिकित्सक विचाराचा तास असाच चालतो. आधी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचे, मग त्यातले कोणते गृहीतक पटत नाही त्यावर बोट ठेवायचे. नुसता नकार पुरत नाही. न्यायदर्शनाने सत्यशोधनासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा असा भेद फार पूर्वीच केला होता. मराठीत वितंडवाद हा शब्द तेवढा रुळला! पैसे मोजून शिकवणी लावणाऱ्याने म्हणूनच पहिल्या एक-दोन तासांत शिक्षकाचे एखादे उत्तर अमान्य करून पाहावे. तो पुन्हा विचार करतो की विषय बदलतो, हे लगेच कळते.

देकार्तच्या मृत्यूनंतर एलिझाबेथने आपली पत्रे छापू दिली नाहीत; ती १८७९ मध्ये प्रकाशित झाली. देकार्तची पत्रे मात्र १६५७ पासून छापली जात होती. दोन शतकांहून अधिक काळ वाचकांसमोर गुरूची उत्तरे होती, शिष्येचे प्रश्न नव्हते.