मनगटाची दुखापत आणि पुराव्याचा भार : माजी सैनिकांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न

रायपूर जिल्ह्यातील अभनपुर हे तालुक्याचे गाव. अशा गावातून सैन्यात गेलेला जवान पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर परत येतो, तेव्हा त्याच्या उपजीविकेला दोनच आधार असतात : निवृत्तिवेतन आणि हातांनी करावयाचे काम. प्रशिक्षणात मोडलेले मनगट नीट सांधले गेले नसेल, तर पाना फिरवणे, पोते उचलणे किंवा ट्रॅक्टरचे स्टिअरिंग धरणे अवघड होते. वैद्यकीय भाषेत ही दुखापत किरकोळ असू शकते. श्रमाच्या बाजारात ती किरकोळ नसते. म्हणूनच अपंगत्व निवृत्तिवेतनाचे नियम आणि त्यावरील अपिलांचे निर्णय समजून घेणे आवश्यक ठरते.

दोन कसोट्या

लष्कराच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांनी या लाभासाठी दोन अटी घातल्या. अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे, ही पहिली. आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के असावे, ही दुसरी. हे प्रमाण सेवामुक्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ ठरवते.

पहिल्या अटीबाबत दुखापत व आजार यांत फरक केला जातो. दुखापतीला तारीख, स्थळ आणि अहवाल असतो. ती कर्तव्यावर असताना झाली काय, हे प्रशासकीय अधिकारी ठरवतात. मनगटातील नस दबणे किंवा सांधा झिजणे यांसारखे विकार मात्र हळूहळू वाढतात आणि तेथे वैद्यकीय मत निर्णायक ठरते. रजेच्या काळातील अपघातांनी हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला. रजेवर जाताना जोधपूर स्थानकावर गाडीतून उतरताना अपघात होऊन हात गमावलेल्या जवानाचा दावा, प्रवास सरकारी खर्चाने नव्हता या कारणावरून नाकारण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो मान्य केला. उलट, वार्षिक रजेत खासगी कामासाठी फिरताना झालेल्या रस्ता-अपघाताचा दावा २०११ मध्ये फेटाळला गेला. लष्करी सेवेशी कार्यकारण संबंध असणे, हे या निर्णयांमागील सूत्र होय.

सिद्ध कोणी करावयाचे?

वादाचे मूळ पुराव्याच्या भारात आहे. १९८२ च्या हक्क नियमावलीनुसार, भरतीच्या वेळी नोंद नसलेला दोष जवानाला नव्हता असे गृहीत धरले जाई. दावेदाराने हक्काच्या अटी सिद्ध कराव्यात अशी अपेक्षा नव्हती आणि वाजवी संशयाचा फायदा त्यालाच मिळत असे. धरमवीर सिंह प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे मांडले : आजार सेवेशी संबंधित नाही असे मंडळाचे मत असेल, तर त्याची कारणे त्याने नोंदवली पाहिजेत.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही ही मांडणी सयुक्तिक आहे. भरतीची तपासणी, रुग्णालयातील नोंदी, नियुक्तीचे ठिकाण ही सर्व माहिती संस्थेकडे असते. ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्यावर पुराव्याचा भार टाकल्यास निर्णयाचा एकूण खर्च कमी होतो. मात्र या गृहीतकाला मर्यादा आहेत. काही विकार भरतीच्या तपासणीत दिसूच शकत नाहीत, त्यामुळे ते यांत्रिकपणे लागू करता येणार नाही, असे न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. २००८ च्या नियमावलीनेही पूर्वीची भाषा सौम्य केली. २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवा सोडणाऱ्यांना २०२३ ची नियमावली लागू आहे.

वीस टक्क्यांचा उंबरठा

मनगटासारख्या दुखापतीत खरी अडचण दुसऱ्या कसोटीची असते. शंभर टक्के अपंगत्वाला अंतिम वेतनाच्या ३० टक्के इतका अपंगत्व घटक, असा सर्वसाधारण दर आहे. शासनाने २००१ मध्ये टक्केवारीचे गट पाडले : ५० पेक्षा कमी असल्यास ५०, ५० ते ७५ असल्यास ७५ आणि त्यापुढे १०० टक्के धरावयाचे. राम अवतार प्रकरणातील निर्णयाने (२०१४) हा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अंतिम वेतन ४०,००० रुपये मानल्यास २० टक्के अपंगत्वाचे ५० टक्के धरले जाऊन दरमहा ६,००० रुपये मिळतात. १९ टक्के असल्यास काहीच मिळत नाही. एका टक्क्याच्या वैद्यकीय अंदाजावर एवढी रक्कम अवलंबून असेल, तर अपिले वाढणे स्वाभाविक आहे. अपंगत्वामुळे मुदतीपूर्वीच सेवेतून काढलेल्या जवानाचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक मानावे, असा निर्णय २०१४ मध्ये झाला. मुदत पूर्ण करणाऱ्यांसाठी मात्र २० टक्क्यांची अट कायम असल्याचे २०१९ च्या निर्णयाने सांगितले. म्हणजे सारख्याच मनगटाचे फळ सेवामुक्तीच्या प्रकारानुसार बदलू शकते.

अमेरिकेत मनगटाच्या हालचालीवरील मर्यादेला १० टक्के दर्जा आहे आणि भरपाईही १० टक्क्यांपासूनच सुरू होते. तेथेही माजी सैनिकांसाठी स्वतंत्र अपील मंडळ व त्यावर न्यायालय आहे. वाद तेथेही होतात, परंतु पहिली पायरी खाली असल्याने किरकोळ मानलेली दुखापत पूर्णतः वगळली जात नाही.

अपिलाचा मार्ग

दावा नाकारल्यास प्रथम व द्वितीय अशी दोन प्रशासकीय अपिले करता येतात. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. २००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे कामकाज ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्र व गोव्यासाठी मुंबई, तर छत्तीसगडसाठी जबलपूर येथे खंडपीठ आहे. पुढे मर्यादित कारणांसाठी सर्वोच्च न्यायालयात जाता येते. उच्च न्यायालयाचा अनुच्छेद २२६ खालील अधिकारही अबाधित असल्याचे २०२३ मध्ये स्पष्ट झाले.

कागदावर हा मार्ग सरळ आहे. परंतु अभनपुरच्या जवानासाठी मदतीचे कार्यालय रायपूरला, निवृत्तिवेतनाचे आदेश प्रयागराजचे आणि सुनावणी जबलपूरला असते. प्रवास, वकील आणि बुडालेली मजुरी यांचा खर्च मिळू शकणाऱ्या रकमेच्या तुलनेत मोठा असतो. जिंकूनही शासन वरच्या न्यायालयात गेले, तर तो आणखी वाढतो. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अशी अनावश्यक अपिले टाळण्यावर भर दिला होता, तो यामुळेच.

प्रत्येक दावा मान्य करणे शासनाला शक्य नाही. सेवेशी संबंध नसलेल्या विकाराचा भार करदात्यावर टाकणे न्याय्यही नाही. परंतु चुकीने मान्य झालेल्या दाव्याचा खर्च सर्व करदात्यांत विभागला जातो, तर चुकीने नाकारलेल्या दाव्याचा खर्च एकाच कुटुंबाला सोसावा लागतो. संशयाचा फायदा जवानाला देण्यामागील तर्क हाच आहे. दुखापतीचा अहवाल त्याच दिवशी पूर्ण होणे आणि मंडळाने टक्केवारीची कारणे लिहून देणे, या दोन साध्या गोष्टी नियमितपणे घडल्या, तर जबलपूरचा रस्ता धरण्याची वेळ बऱ्याच जणांवर येणार नाही.