रायफलला दुर्बीण नको, जाकीट मापाचे हवे

कोल्हापूर : कांबळवाडीच्या (ता. राधानगरी) स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह ब्राँझपदक पटकाविले, तेव्हा त्याच्या रायफलवर दुर्बीण नव्हती. मुलांना नेमबाजीत घालू इच्छिणाऱ्या पालकांनी खरेदीपूर्वी हे ध्यानात घ्यावे. ऑलिंपिक प्रकारांत रायफलवर दुर्बीण बसविण्यास मनाईच आहे.

डोळ्याजवळ बारीक छिद्राची 'पीप साइट' आणि नळीच्या टोकाशी एक कडे, एवढ्यावरच नेम धरला जातो. लक्ष्यावरचा काळा गोल त्या कड्याच्या बरोबर मध्यभागी दिसला पाहिजे. ५० मीटरवरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते; १० मीटर एअर रायफलमध्ये तर तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका! 

जाकिटाचाही खर्च असतो. ते पाठीला आधार देते. म्हणूनच त्याच्या कापडाच्या जाडीवर २.५ मिलिमीटरची मर्यादा आहे. वाढत्या वयातील मुलांसाठी ते घाईने शिवून घेणे शहाणपणाचे नव्हे.

पट्ट्याचेही तसेच. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिच येथे जगज्जेत्या ठरल्या, तो ५० मीटर प्रोन प्रकार झोपून खेळला जातो आणि त्यात पट्टा चालतो. एअर रायफल मात्र उभ्यानेच चालविली जाते. तेथे पट्ट्याला परवानगी नाही.