घरांत बसलेल्या लंगड्या बदकाची करमणूक

मैंदर्गीसारख्या कोरड्या मुलुखांत बदक पाळणें हेंच मुळीं पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. त्यांतून तें बदक लंगडें, आणि घरांत त्याचा वेळ कसा जाईल याची काळजी आम्ही वाहतों, हें ऐकून एका शेजाऱ्यांनीं "आतां त्यास पाळण्यांत निजवा" असा सल्ला दिला. थट्टा राहूं द्या. असा प्राणी ज्यांच्या पदरीं पडेल त्यांस उपयोगी पडावी म्हणून आमची हकीकत येथें देतों.

हें अंडें आम्हीं खुडूक कोंबडीखालीं उबविलें. पिलूं एकच निघालें व कोंबडीच्या पिलांबरोबर जोंधळ्याच्या कण्यांवर वाढलें. तिसऱ्या आठवड्यांत तें पाय फांकून बसूं लागलें, आणि आमच्या ध्यानांत येईपर्यंत एक घोटा कायमचा वाकला. दोष सर्वस्वीं आमचा. ‘ब’ वर्गांतील नायासिन हें जीवनसत्त्व बदकाच्या पिलास कोंबडीच्या पिलापेक्षां बरेंच अधिक लागतें. किलोभर खाद्यांत सुमारें ५५ मिलिग्रॅम असावें असें तज्ज्ञ सांगतात. नुसत्या जोंधळ्यावर तें भागत नाहीं. जोंधळा हेंच मुख्य अन्न असलेल्या गरिबांस पेलाग्रा होतो याकडे हैदराबादच्या डॉ. गोपालन् व डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं लक्ष वेधलें; तोही याच जीवनसत्त्वाच्या तुटीचा रोग. भुईमुगांत तें भरपूर असतें, म्हणून थोडी पेंड द्यावी. मात्र बुरसलेली कदापि नको. त्याच १९६० सालीं इंग्लंडांत विषारी बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीनें लाखावर टर्की पक्षी मेले, व बदकाचीं पिलें या विषास फारच हळवीं असतात.

असो. पाय सरळ होणार नाहीं हें मान्य केल्यावर पहिली अडचण फरशीची आली. आपल्याकडील बहुतेक घरांत शहाबादी फरशी. तिच्यावर बसून बसून तळव्यास व छातीच्या हाडावर घट्टे पडतात, आणि घट्ट्यांच्या जखमा होतात. आम्ही गोणपाटावर कोरडें गवत चार बोटें पसरतों व दिवसांतून दोन वेळां बदलतों. बदकाची विष्ठा पातळ. येथें आळस चालत नाहीं.

आतां करमणुकीविषयीं. प्रथम आम्हीं रंगीत चेंडू, खुळखुळा असलीं मुलांचीं खेळणीं पुढें टाकलीं. बदकानें त्यांकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. बदकाचें सारें कुतूहल चोचींत. तिच्या टोकाशीं स्पर्शज्ञानाचे सूक्ष्म अवयव इतके दाट असतात कीं गढूळ पाण्यांत कांहीं न दिसतांही तें दाणा व खडा ओळखतें. तेव्हां चोचीस काम द्यावें. एका खोल घमेल्यांत डोकें बुडेल इतकें पाणी घेऊन त्यांत आम्ही मेथीचीं पानें, भिजविलेले वाटाणे व मूठभर स्वच्छ माती टाकतों. दहा मिनिटांत संपणारें खाद्य तासभर पुरतें, आणि डोळे व नाकपुड्याही त्याच पाण्यानें धुतल्या जातात. खोलीचा चिखल होतो, हें खरें. घरच्या मंडळींची संमति आधीं घ्यावी.

दुपारीं टपांत पोहणें. पाणी अंगाचा भार उचलतें, त्यामुळें लंगडा पायही थोडा हलतो. पहिल्या दिवशीं बिचारें एका जागीं गोल गोल फिरत राहिलें, कारण वल्हें एकच! घरांत कोंडलेल्या बदकाचीं पिसें लवकर भिजतात, म्हणून आम्ही पंधरा मिनिटांत बाहेर काढून पुसतों. अमेरिकेंत टेनेसी प्रांतीं २०१३ सालीं बटरकप नांवाच्या बदकास यंत्रानें छापलेल्या सांच्यावरून केलेला कृत्रिम पाय बसविला. आमच्याकडे तुळईस जुन्या लुगड्याची झोळी आहे. दोन भोकांतून पाय खालीं सोडले कीं बदक दारावरून जाणाऱ्या शेळ्या पाहत बसतें. तीही थोडाच वेळ.

सर्वांत कठीण गोष्ट सोबतीची. आरसा ठेवला तेव्हां बदक त्यास टेकून झोंपूं लागलें; तें पाहवेना. शेवटीं दुसरें बदक आणलें. धडधाकट पक्षी लंगड्यास टोंचतो, म्हणून मध्यें आठवडाभर जाळी ठेवली. आतां जाळी काढली आहे. सकाळीं घमेलें ठेवलें कीं नवें बदक धांवत पुढें येतें, जुनें सरपटत मागून येतें, आणि मग दोघांचीं डोकीं एकाच पाण्यांत बुडालेलीं असतात.