बासनातली पोथी कोण सोडतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

अनेक घरांत एखादी जुनी पोथी असते. लाल फडक्यात गुंडाळलेली, वरून दोरी आवळलेली. तिच्यातला एखादाच अध्याय वाचायचा असला, तरी आधी बासन सोडावे लागते. आपल्या पेशींपुढेही सतत हाच प्रश्न असतो.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला, तर तो सुमारे दोन मीटर लांब भरेल. एवढा धागा मावतो मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा केंद्रकात. हे कसे साधते? हिस्टोन नावाची आठ प्रथिने एकत्र येऊन जणू एक रीळ बनते. त्याभोवती डीएनए जवळजवळ पावणेदोन वेढे घेतो. या गुंडाळीला न्यूक्लिओसोम म्हणतात. रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ साली तिची कल्पना मांडली. अशा असंख्य रिळांची माळ म्हणजे क्रोमॅटिन.

सोय झाली, पण अडचणही आली. जनुक चालू करायचे, तर काही खास प्रथिनांना डीएनएवरच्या ठरावीक जागी बसावे लागते. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. नेमकी तीच जागा रिळावर गुंडाळलेली असेल, तर त्यांनी बसायचे कुठे?

याचे उत्तर मिळाले ते पाव फुगवणाऱ्या यीस्टकडून. उसाची साखर खाण्यासाठी यीस्टला एक विकर तयार करावे लागते. १९८०च्या दशकात मॅरियन कार्लसन यांच्या गटाला काही यीस्ट असे आढळले, की ज्यांना हे जनुक चालूच करता येत नव्हते. त्यांच्यात जी जनुके बिघडली होती, त्यांना एसएनएफ हे नाव मिळाले. ही जनुके नक्की करतात काय, हे बराच काळ कळेना.

मग १९९२ साली फ्रेड विन्स्टन यांच्या गटाने एक उलटी युक्ती केली. अशा बिघडलेल्या यीस्टमधली हिस्टोन बनवणारी काही जनुके त्यांनी काढून टाकली. आणि काय आश्चर्य! साखरेचे ते जनुक पुन्हा काम करू लागले. म्हणजे बासनच सैल झाल्यावर ते सोडणाऱ्याची गरज उरली नाही. एसएनएफ जनुकांचे काम हिस्टोनांची पकड सोडवण्याचे असावे, हा अंदाज बळावला.

१९९४ साली हे परीक्षानळीतही दिसले. एसएनएफ प्रथिने एकटी काम करत नाहीत. इतरांसह डझनभर प्रथिनांचे एक यंत्र बनते. ते एटीपी हे पेशीचे इंधन जाळून डीएनए ओढते, रीळ पुढेमागे सरकवते, कधी उचलूनही टाकते. झाकलेली जागा उघडी पडते आणि ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर तिथे कित्येक पट सहज बसतात. एफओएक्सए-सारखी काही प्रथिने मात्र गुंडाळलेल्या डीएनएवरही पकड घेतात आणि इतरांसाठी वाट मोकळी करून देतात.

यीस्टची ही गोष्ट आपण का ऐकायची? कारण हेच यंत्र आपल्या पेशींतही आहे. ऱ्हॅबडॉइड ट्यूमर हा अगदी लहान मुलांना होणारा दुर्मिळ पण अत्यंत घातक कर्करोग आहे. १९९८ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवले, की या गाठींमध्ये एक जनुक निकामी झालेले असते. ते होते यीस्टमधल्या एसएनएफ-५ या जनुकाचेच मानवी भावंड! जी जनुके उघडायला हवीत ती मिटलेली राहतात, नको ती चालू होतात आणि पेशींची वाढ आवरत नाही. माणसाच्या साधारण पाचांतल्या एका कर्करोगात या यंत्राचा कुठला ना कुठला भाग बिघडलेला असतो, असे पुढे दिसून आले.

म्हणूनच या यंत्रावर आणि त्याच्या बिघाडावर चालणारी औषधे शोधण्याचे काम आज अनेक प्रयोगशाळांत सुरू आहे. यीस्टला साखर का खाता येत नाही, या वरवर किरकोळ प्रश्नाचा माग काढत शास्त्रज्ञ आजारी मुलाच्या खाटेपर्यंत येऊन पोहोचले आहेत.