घाटघरपर्यंत तार कोण ओढणार?

पावसाळ्यात नाणेघाटाच्या माथ्यावर, घाटघरच्या अंगाला, शनिवार-रविवारी गर्दी उसळते. लाइट गेली की चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच, ‘सरकारनं वीजनिर्मितीतून हात काढला, सगळं बाजारावर सोडलं, की वीज स्वस्त होईल.’ जुन्नरच्या बाजारात, पुण्याच्या सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

मुळात वीज तयार करायला परवाना लागतच नाही. विद्युत अधिनियम, २००३ चं कलम ७ उघडून पाहा. ग्रिडला जोडण्याचे तांत्रिक निकष पाळा आणि निर्मिती करा. ठरावीक खर्चापलीकडच्या जलविद्युत प्रकल्पांना तेवढी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची संमती लागते, कारण तिथं नदी आणि धरणाची सुरक्षितता यांचा प्रश्न असतो. जी मोकळीक मागितली जाते, ती वीस वर्षांहून जास्त काळ कायद्यात आहे.

बाजारही आहे. २००८ पासून देशात वीज एक्स्चेंजवर विकली जाते. आज तिथं दर पंधरा मिनिटांना वेगळा भाव निघतो. मार्च २०२२ मध्ये उन्हाळा लवकर तापला, मागणी वाढली आणि हा भाव युनिटला २० रुपयांपर्यंत चढला. एप्रिलमध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगानं १२ रुपयांची मर्यादा घातली, वर्षभरानं ती १० वर आणली. ओतूर-आळेफाट्याचा शेतकरी भाव पडला तर कांदा चाळीत ठेवून वाट पाहू शकतो. विजेला अशी चाळ जवळजवळ नाहीच; जी लागते ती त्या क्षणी तयार व्हावी लागते. म्हणून टंचाईच्या तासाला विकणारा म्हणेल तो भाव होतो. ‘बाजार म्हणजे स्वस्त’ म्हणणाऱ्यांनी तो मार्च आठवावा.

नियंत्रणाचा खरा भार आहे तो तारेवर. मुंबईच्या उपनगरांत एकाच भागात दोन वीज कंपन्या चालतात, कारण वस्ती दाट आहे. घाटघरला घरं पांगलेली, वर धो धो पाऊस, वापर थोडा. इथं निव्वळ नफ्याचा हिशेब करून तार कोण ओढणार? कलम ४३ नुसार वितरण कंपनीला मागेल त्याला जोडणी द्यावीच लागते, आणि तिचा दर राज्य आयोग जाहीर सुनावणी घेऊन ठरवतो. हिरडा गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्या घराकडून त्याच्या तारेचा पूर्ण खर्च घेतला जात नाही. त्यातला वाटा उद्योग आणि जास्त वापर असलेले ग्राहक उचलतात. हा वाटा जड होतो ही कारखानदारांची तक्रार खरी आहे, त्यावर जरूर भांडावं. पण ही व्यवस्था मोडली तर घाटघरचं बिल वाढेल, हेही त्याच दमात सांगावं.

घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आजही आहे. माल व्यापाऱ्याचा, वाट राजाची. आजही एक मेगावॉटच्या वरचा ग्राहक दुसऱ्याकडून वीज घेऊ शकतो, मात्र तारेच्या वापराचा आकार भरून.

यावर हमखास उत्तर येतं: ‘सरकार मध्ये पडलं की एन्रॉन होतं.’ तारखा पाहा. एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ चा, स्पर्धात्मक निविदा न काढता केलेला. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार राज्य वीज मंडळानं भरायचा, आणि तोही बराचसा डॉलरशी बांधलेला. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला त्यानंतर, ऑगस्ट १९९९ मध्ये. २००१ मध्ये मंडळानं ती वीज घेणं थांबवलं. करार झाला तेव्हा ना स्पर्धा होती, ना नियामक. असं असताना दाभोळ हा नियमनाच्या अपयशाचा पुरावा कसा ठरतो?

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘घाटघरचा वीजप्रकल्प जुन्नरला आहे.’ नाही. २५० मेगावॉटचा तो उदंचन प्रकल्प अकोले तालुक्यातल्या घाटघरचा.

‘तो बनवतो त्याहून जास्त वीज खातो, म्हणजे तोट्याचा.’ जास्त खातो हे खरं. पण मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं आणि टंचाईच्या वेळी सोडायचं, हेच त्याचं काम. विजेची चाळ म्हणावी तर हीच.

‘खासगी वीज हे नवं खूळ आहे.’ टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून चालू आहे.

‘आयोग म्हणजे वीज कंपनीचंच खातं.’ आयोगाच्या आदेशाविरुद्ध कंपन्याच अपील न्यायाधिकरणात आणि पुढं सर्वोच्च न्यायालयात जातात.

‘साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाची वीज फुकट, म्हणजे तिचे पैसे कुणीच भरत नाही.’ ते राज्य सरकार भरतं, तुमच्याआमच्या करातून. आणि कलम ६५ प्रमाणे ती रक्कम आगाऊ भरायची असते.